गुटगुटीत

जरीपटक्यात कुणाच्याही घरी जा, काही खाल्ल्याशिवाय उठू देणार नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून सगळं मागे टाकून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. ज्यांनी घरदार गमावलं, त्यांना गुटगुटीत नातू म्हणजे दिवस पालटल्याची खूणच वाटणार ना! अशा आजीला "पोराचं वजन जास्त आहे" हे कसं पटावं? आपल्या मराठी आज्यांना तरी कुठे पटतं म्हणा...

गंमत म्हणजे आपलं आहारशास्त्रही उपासमारीच्या काळजीतच वाढलं. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासाने सुरुवात झाली, त्यातूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. १९७५ च्या गांधी जयंतीला एकात्मिक बालविकास योजना आली. अंगणवाडीतल्या काट्यापुढे प्रश्न एकच असायचा: वजन वाढलं का?

हा प्रश्न उलटा विचारायची वेळ श्रीमंत देशांवर आधी आली. अमेरिकेत लिओनार्ड एपस्टाईन यांनी खाण्याचे पदार्थ सिग्नलसारखे लाल, पिवळे, हिरवे असे वाटले. पण त्यांचं खरं काम वेगळंच. १९९० मध्ये त्यांनी दहा वर्षांनंतरचे निकाल मांडले. ज्या घरांत आईवडील आणि मूल दोघांनीही सवयी बदलल्या होत्या, तिथली मुलं पुढेही जास्त सावरलेली दिसली.

आपल्याकडे २०१५ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे नवे तक्ते काढले. त्यात जास्त वजनाची रेषा मुद्दाम खाली आहे, कारण आपल्या शरीरात तेवढ्याच वजनाला चरबी जास्त असते.

म्हणून चांगला आहारतज्ज्ञ मुलाला उपाशी ठेवत नाही. वाढत्या वयात बरेचदा वजन आहे तिथे थांबवलं तरी पुरतं, उंची आपलं काम करते. तो आधी घरात काय शिजतं, टीव्हीसमोर काय खाल्लं जातं, झोप किती, हे विचारतो. मग गोड पेयं बंद, दाल-पकवान रविवारी, आणि पालक-डाळीची साईभाजी अख्ख्या घराला. एकट्या पोराचं ताट वेगळं वाढलं की ती शिक्षा होते, आणि पोरं शिक्षा चोरून मोडतात!

असो. पुढच्या वेळी कुणाच्या मुलाला 'जाड्या' म्हणण्याआधी घरातला फ्रीज उघडून बघूया. तुमच्याकडे काय निघतं, जरूर कळवा.