घरातल्या तारेची बाजू

नव्या फ्लॅटचे फर्निचर करायला घेतले की विजेचे पॉइंट कुठे हवेत यावर घरात आठवडाभर खल होतो. नेटवर्कच्या केबलचा विषय मात्र एका वाक्यात निकालात निघतो: "आता तार कोण टाकतं? सगळं वायफायवर चालतं." असे इंटिरिअरवाला म्हणतो, कनेक्शन द्यायला आलेला मुलगा म्हणतो आणि संगणकक्षेत्रात नोकरी करणारा भाचाही म्हणतो. मत इतके सार्वत्रिक झाले आहे की ते तपासायची गरजच कोणाला वाटत नाही.

पूर्वपक्ष दुबळा नाही, तेव्हा तो नीट मांडायला हवा. 1997 साली वायफायचे पहिले मानक आले तेव्हा त्याचा वेग जेमतेम 2 एमबीपीएस होता. आज राउटरच्या खोक्यावर हजारांतले आकडे छापलेले असतात. उलट घरगुती तार 1999 साली गिगाबिटला पोहोचली आणि बहुतेक घरांपुरती तिथेच थांबली. फोन आणि टॅबला केबल लावायची सोयच नाही. मागच्या खोलीत रेंज येत नसेल तर मेशचे दोन डबे आणावेत, झाले. आणि यातला सर्वांत बोचरा मुद्दा टीव्हीचा आहे. अनेक महागड्या स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट आजही 100 एमबीपीएसचाच असतो. तोच टीव्ही 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर त्याहून जास्त वेग दाखवतो. म्हणजे तार ओढण्याचा खटाटोप करून हाती येणार काय, तर कमी वेग!

आधी खोक्यावरच्या आकड्यांकडे पाहू. 'एसी1200' हा आकडा 5 गिगाहर्ट्झवरचे 867 आणि 2.4 गिगाहर्ट्झवरचे 300 यांची बेरीज करून वर गोल केलेला आहे. साधा लॅपटॉप एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. शिवाय 867 हा रेडिओचा वेग झाला. प्रत्येक खेपेआधी वाट पाहणे आणि खेपेनंतर पोच देणे यांत त्यातला मोठा हिस्सा जातो. उरतो तो घरातल्या सगळ्या उपकरणांत मिळून वाटला जातो. गिगाबिट तारेवर प्रत्यक्षात 940 एमबीपीएसच्या आसपास माहिती जाते, तीही एकाच वेळी दोन्ही दिशांनी, आणि प्रत्येक तारेला स्वतंत्रपणे.

हा फरक तात्पुरता आहे, पुढच्या पिढीचे वायफाय तो भरून काढेल, असे मानणाऱ्यांनी थोडे मागे जावे. 1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. त्या 'अलोहानेट'चा नियम सोपा होता. वाटेल तेव्हा बोला. टक्कर झाली आणि पोच आली नाही, तर थोडे थांबून पुन्हा बोला. गणित केल्यावर दिसले की अशा पद्धतीत वाहिनीची जेमतेम 18 टक्के क्षमता कामी येते. रॉबर्ट मेटकाफ यांनी त्या पद्धतीचा कसून अभ्यास केला, आणि 1973 साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत डेव्हिड बॉग्स यांच्यासह तीच कल्पना एका जाड केबलवर आणली. बोलण्याआधी ऐका, आणि बोलतानाही ऐकत राहा, म्हणजे टक्कर होताच गप्प बसता येईल. हेच इथरनेट, पहिला वेग 2.94 एमबीपीएस. म्हणजे जिला जुनाट म्हणून हिणवले जाते ती तार वंशावळीत बिनतारीची मुलगी आहे. आईची अडचण ओळखूनच ती जन्मली.

पुढे स्विच आला. प्रत्येक यंत्राला आपली स्वतंत्र तार मिळाली आणि टकरीच संपल्या. हवेत ही सोय करता येत नाही. रेडिओ ज्या वाहिनीवर बोलतो त्याच वाहिनीवर त्या क्षणी त्याला ऐकू येत नाही, कारण स्वतःच्या प्रक्षेपणापुढे दुसऱ्याचा क्षीण संदेश बुडून जातो. म्हणून वायफायला टक्कर ओळखण्याऐवजी ती टाळत बसावे लागते. सहाव्या पिढीने वाहिनीचे तुकडे करून अनेकांना एकदम बोलू देण्याची युक्ती आणली, आणि ती खरोखर चांगली आहे. पण वाटणी झाली तरी वाटायची हवा तेवढीच राहिली.

ती हवाही एकट्या आपल्या घराची नसते. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 साली परवानामुक्त झाला. रुंदी 83.5 मेगाहर्ट्झ, आणि त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच बसतात: 1, 6 आणि 11. ठाण्यातल्या किंवा पिंपरीतल्या कुठल्याही सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडली की शेजारपाजारची नावे पडदाभर येतात, आणि ही सारी मंडळी त्या तीन वाहिन्यांवर दाटीने बसलेली असतात. वर मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात गळते. 2018 साली 5 गिगाहर्ट्झमधले 605 मेगाहर्ट्झ खुले झाले तेव्हा दाटी पुष्कळ सैल झाली. मात्र हा पट्टा भिंतींना लवकर हार जातो. राउटरच्या परीक्षणांतली घरे बरीचशी अमेरिकेतली, लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकलेली. आपल्याकडे विटांची भिंत, सळ्यांनी भरलेला स्लॅब, कोकणातल्या जुन्या घरात हातभर रुंद जांभ्याची भिंत, आणि कपाटाला पुरुषभर उंचीचा आरसा. त्या आरशामागचा धातूचा लेप लहरी परतवून लावतो, हे बेडरूममध्ये रेंज शोधत फिरणाऱ्याच्या गावीही नसते.

मग मेश? मेशचा दुसरा डबा पहिल्याशी हवेतूनच बोलत असेल, आणि त्याच रेडिओवर लॅपटॉपशीही बोलत असेल, तर प्रत्येक खेप हवेत दोनदा जाते आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या आणि व्हिडिओ कॉल मात्र गोठलेला, हा अनुभव इथून येतो. वेगळा रेडिओ राखून ठेवलेले महाग मेश यातून बरेचसे सुटते. पण तेच दोन डबे केबलने जोडले तर स्वस्तातलेही उत्तम चालतात. मेशला तारेचा पर्याय म्हणून विकले जाते, आणि मेश सर्वांत चांगले चालते ते तारेवर!

आता टीव्हीच्या मुद्द्याचे उत्तर. 4के चित्रपटाला 25 एमबीपीएस भरपूर झाले. 100 चा पोर्ट त्याच्या चौपट आहे. वायफायवर मोजणीत दिसलेले 300 टीव्हीच्या काही कामाचे नाहीत. मात्र तार लावल्याने ते तीन तासांचे प्रक्षेपण हवेतून उतरते, आणि त्या वेळी आतल्या खोलीत मीटिंगला बसलेल्या माणसाच्या लॅपटॉपला हवा मोकळी मिळते. टीव्हीला तार लावायची ती टीव्हीसाठी नाहीच. टीव्ही, टेबलावरचा संगणक, बॅकअपची डिस्क, राउटरचा दुसरा डबा: ज्याला जागचे हलायचे नाही त्याने हवा अडवू नये, एवढेच म्हणणे आहे.

घराघरांत स्विचचे कपाट उभारून प्रिंटरपर्यंत तार ओढणाऱ्या हौशी मंडळींचे मतही मला मान्य नाही. प्रिंटर दिवसाकाठी दोन पाने छापतो. त्याने हवा अडत नाही. भाड्याच्या घरात भिंत फोडायची परवानगी मिळत नाही, तिथे स्कर्टिंगवरून पट्टीत घातलेली एकच केबल, बाहेरच्या खोलीतून कामाच्या टेबलापर्यंत, पुरते.

स्वतःच्या घरात मात्र प्लास्टरआधी रिकामा पाइप टाकून घ्यावा, विजेच्या पाइपपासून वेगळा. फायबरचा डबा जिथे बसणार तिथून प्रत्येक खोलीत एक. जुना राउटर पडून असेल तर त्यातले आयपी पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा आणि केबल वॅन भोकात न घालता लॅनमध्ये घालावी. मागच्या खोलीत तो वायफायचा दुसरा डबा म्हणून चालतो. वेग नेमका 100 वर अडला तर केबलच्या टोकाचा क्लिप आधी पाहावा. गिगाबिटला आठही तारा लागतात, 100 ला चार पुरतात, त्यामुळे एक तार सुटली तरी जोडणी गुपचूप 100 वर उतरते आणि दोष कनेक्शन देणाऱ्यावर जातो. केबल कॅट6 लिहिलेली मिळेल, पण स्वस्त बंडलांत पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनिअम असते. ते मानकात बसत नाही आणि वाकवताना तुटते. दुकानातच टोक ब्लेडने खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर बंडल तिथेच ठेवून यावे.