एका तळ्याची साक्ष

जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साका होतो. हा प्रयोग आपण वर्गात करतोच. १९४६ साली अमेरिकेत आलेल्या ‘टाइड’ पावडरीत यावर उपाय होता : फॉस्फेट. ते पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम बांधून ठेवते. कपडे स्वच्छ निघाले, पण फॉस्फेट सांडपाण्याबरोबर तळ्यांत गेले आणि १९६० च्या दशकात ईरी सरोवरात शेवाळ माजले.

दोष फॉस्फेटचा नाही, कार्बनचा, असे साबण-उद्योगाच्या बाजूने सांगितले जाई. घरी पावडर निवडणाऱ्या गृहिणीने कोणाचे खरे मानावे? १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर व सहकाऱ्यांनी ‘तळे क्र. २२६’ च्या चिंचोळ्या भागात पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन व नायट्रोजन टाकले. फॉस्फरस मात्र एकातच. (दोन कुंड्यांचा आपला प्रयोगही असाच!) तोच भाग हिरवागार झाला. विमानातून काढलेले ते छायाचित्र आम्हाला पानभर आकड्यांहून बोलके वाटते.

त्याच दशकात कॅनडाने व अमेरिकेतील काही राज्यांनी पावडरीतील फॉस्फेटवर मर्यादा घातल्या. पुढे त्याची जागा बरीचशी झिओलाइटने घेतली. ईरी सुधारले, पण २०१४ साली तेथील विषारी शेवाळामुळे टोलेडो शहरात नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. आता फॉस्फरस येतो तो मुख्यतः शेतांतून.