नाशिक, काशी आणि एक राजीनामा

काशीतील दुर्गाघाटाचा विषय निघाला, की आपणां मराठी माणसांना नारायण दीक्षित पाटणकर आठवतात, नाना फडणिसांचा वाडा आठवतो, आणि स्मरण पेशवाईपाशीच थांबते. वस्तुतः काशीचा व महाराष्ट्राचा ऋणानुबंध विसाव्या शतकातही एका निराळ्या क्षेत्रात दृढ झाला. ते क्षेत्र समाजवादी राजकारणाचे होय.

शिवप्रसाद गुप्त यांनी काशीत १९२० साली ‘आज’ हे दैनिक काढले. काशीतच जन्मलेले मराठी गृहस्थ बाबूराव विष्णु पराडकर यांनी ते पुढे दीर्घकाळ संपादिले. याच गुप्तांच्या औदार्यातून १९२१ साली काशी विद्यापीठ उभे राहिले. आचार्य नरेंद्र देव व संपूर्णानंद हे दोघेही तेथील अध्यापक. तिकडे १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी आदी तरुण राजबंदी काँग्रेसअंतर्गत समाजवादी पक्षाचा विचार करीत होते. १९३४ च्या मे महिन्यात पाटण्यास पहिली परिषद भरली, तिचे अध्यक्ष नरेंद्र देव. ऑक्टोबरात मुंबईस अधिवेशन झाले, त्याचे अध्यक्ष संपूर्णानंद. विचाराची बैठक नाशिकास, तर अध्यक्षपदाचा मान दोन्ही वेळा काशीस, असा हा योग होता.

पुढे मार्च १९४८ मध्ये नाशिकासच समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला, आणि संयुक्त प्रांताच्या शाखेची कसोटी लागली. संपूर्णानंद काँग्रेसमध्येच राहिले व १९५४ अखेर उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. नरेंद्र देवांनी पक्ष सोडला. इतकेच नव्हे, तर काँग्रेसच्या नावावर मिळालेली विधानसभेची जागा आपली नव्हे म्हणून सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. तसे करण्यास कायद्याची सक्ती नव्हती. पक्षांतरबंदीचा कायदा तर १९८५ साली आला. फैजाबादच्या पोटनिवडणुकीत ते पराभूत झाले. त्यांना हरविणारे काँग्रेसचे उमेदवार बाबा राघवदास हे जन्माने पुणेकर होते!

समाजवादी पक्षाचे पुढे विलीनीकरण झाले, फाटाफूटही झाली. जागा गमावलेल्या त्या शाखेच्या वाट्यास सत्ता आली नाही. तरीही तिच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट तो राजीनामाच होय, असे आम्हांस वाटते. पद ही सोपविलेली ठेव आहे. ज्याच्या नावावर ती मिळाली त्याच्याशी नाते तुटले, की ती परत करावी, एवढा साधा व्यवहार त्यात होता. परमुलखात सरकारी खुर्चीवर बसणाऱ्या आपणांस तो समजावून सांगण्याची गरज नसावी.