ऊस ओढायला जुना ट्रॅक्टर घेताय? सौदा करण्याआधी या गोष्टी तपासा

दसरा-दिवाळी जवळ आली की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात जुन्या ट्रॅक्टरचे सौदे जोरात सुरू होतात. कारण उघड आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम तोंडावर आलेला असतो आणि नवा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, शिवाय टोळीला द्यायची उचल हे सगळे एकदम परवडत नाही. जुना ट्रॅक्टर स्वस्त पडतो. पण हंगामाच्या मध्यात तो बसला तर खेपा थांबतात, हप्ता मात्र थांबत नाही. आणि उतारावर ब्रेक लागला नाही तर पैशांचा प्रश्नच उरत नाही. म्हणून नांगरटीसाठी ट्रॅक्टर बघणे वेगळे आणि ओढीसाठी बघणे वेगळे.

एचपीच्या आधी वजन बघा

साधारणपणे ऊस वाहतुकीला ४५ ते ५० एचपीचे ट्रॅक्टर दिसतात. महिंद्रा ५७५, स्वराज ७४४ ही त्यातली ओळखीची नावे. या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन सुमारे २ टन असते.

आता हिशेब बघा. ट्रॅक्टर २ टन आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून १८ टन धरल्या, तर एकूण वजन २० टन झाले. रस्ता दर १०० मीटरला ५ मीटर चढत असेल, तर फक्त त्या चढासाठी १ टन वजनाएवढा जोर लागतो. चाके फिरवायला लागणारा जोर वेगळा. हा सगळा जोर ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी रस्त्याला धरून लावायचा असतो, आणि त्या चाकांवर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन जेमतेम दीड टन असते. म्हणजे इंजिनात दम असला तरी चाक जागेवर फिरू शकते किंवा पुढची चाके उचलली जाऊ शकतात. मागच्या चाकांना वजने लावणे, टायरमध्ये पाणी भरणे हे प्रकार त्यासाठीच केले जातात.

उतारावर हाच १ टनाचा जोर ट्रॅक्टरला मागून ढकलतो. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. सगळी मदार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या ब्रेकवर. रस्त्यावर चिखल किंवा पाचट असेल तर पकड आणखी कमी होते. म्हणून किती एचपी हा दुसरा प्रश्न. नेहमीच्या रस्त्यावर घाट किंवा मोठा उतार आहे का, आणि आपण एक ट्रॉली ओढणार की दोन, हा पहिला.

इंजिन थंड असतानाच जा

बघायला जाताना मालकाला ‘चालू करून ठेवू नका’ असे आधीच सांगावे. गरम इंजिन बरेच दोष झाकते. हात लावून बघावे आणि इंजिन कोमट लागले तर थोडे थांबावे.

धुराकडे नीट लक्ष द्यावे. चालू करताना थोडा धूर येणे साहजिक आहे, पण तो राहतो का ते बघावे.

- काळा धूर: डिझेल पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर, नोझल किंवा पंप यांपैकी काहीतरी बघावे लागेल. हा खर्च बहुधा आवाक्यातला असतो.
- निळा धूर: इंजिन ऑइल जळते आहे. रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्हचे काम निघू शकते.
- गरम झाल्यावरही राहणारा पांढरा धूर: कॉम्प्रेशन कमी आहे, पंपाचे टायमिंग चुकले आहे किंवा पाणी आत जाते आहे.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण जपून सैल करावे. तिथून दाबाने धूर आणि ऑइलचे शिंतोडे येत असतील, तर रिंगा झिजलेल्या असण्याची शक्यता मोठी. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले किंवा रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसला, तर सौदा तिथेच थांबवलेला बरा. रेडिएटरचे झाकण मात्र थंड इंजिनावरच उघडावे.

ओढीचा ट्रॅक्टर झिजतो कुठे?

रोटाव्हेटरवर चाललेल्या ट्रॅक्टरचे पीटीओ आणि हायड्रॉलिक थकतात. ट्रॉली ओढलेल्याचे क्लच, गिअर, ब्रेक आणि मागचे टायर आधी जातात. दलाल बहुतेक वेळा लिफ्ट वर-खाली करून दाखवतो, पण ऊस ओढणाऱ्याने पुढच्या गोष्टी बघाव्यात.

- क्लच: मोकळ्या जागी, समोर कोणी नसताना, ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते तसेच चालू राहिले तर क्लचप्लेट घसरते आहे.
- गिअर: शक्य असेल तर भरलेली ट्रॉली जोडून चालवून बघावे. उताराला गिअर आपोआप सुटत असेल तर तो ट्रॅक्टर ओढीसाठी घेऊच नये.
- ब्रेक: डावे आणि उजवे पेडल कडीने जोडून ब्रेक मारावा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला तर दोन्ही ब्रेक सारखे नाहीत. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर ओढीला जास्त चांगले. ते कमी तापतात आणि धूळ-पाण्यापासून सुरक्षित राहतात.
- हूक आणि पिन: पिनचे भोक गोल राहिले आहे की लांबट झाले आहे? हुकाच्या पट्ट्यांवर, मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगवर वेल्डिंगच्या खुणा आहेत का? वेल्डिंग दिसले तर तिथे एकदा तडा गेला होता असे धरून चालावे.
- पुढचा अॅक्सल आणि स्टिअरिंग: पुढचे चाक जॅकवर उचलून हलवून बघावे. चाक खडखडले तर किंगपिन, बुश किंवा बेअरिंग झिजलेले आहे.
- टायर: बाजूवर चार आकडी कोड असतो. ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी बाजूला भेगा असतील तर मागच्या जोडीचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

मीटरवरच्या तासांवर किती विसंबायचे?

थोडेच. तासांचा मीटर बदलता येतो, केबल काढून ठेवता येते. १० वर्षांच्या ट्रॅक्टरवर ३,००० तास दिसत असतील तर वर्षाला सरासरी ३०० तास झाले. हंगामभर कारखान्याच्या खेपा केलेल्या ट्रॅक्टरला हा आकडा शोभत नाही. ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची चकाकी, गिअरच्या दांड्याचा सैलपणा हे मीटरपेक्षा खरे बोलतात. नुकताच मारलेला रंग ही जमेची बाजू समजू नये.

कागद पक्के नसतील तर बाकी सगळे व्यर्थ

आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबरशी जुळवून बघावा. एमपरिवहन अॅपवर नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. १५ वर्षे होत आली असतील तर नोंदणी पुन्हा करून घेण्याचा खर्च धरावा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचीही कागदपत्रे मागावीत.

‘नाव नंतर करू’ हे वाक्य विकणाऱ्यालाच महागात पडू शकते. मोटार वाहन कायद्यानुसार विक्रीची माहिती राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत देणे विकणाऱ्याचे काम आहे, आणि घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात. अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे.

विम्याचा कागद वाचूनच घ्यावा. वापर फक्त ‘शेतीसाठी’ लिहिला असेल आणि ट्रॅक्टर भाड्याने ऊस वाहत असेल, तर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो. ट्रॉली विम्यात धरली आहे का, तेही विचारावे.

शेवटी हिशेब

सांगितलेल्या किमतीत टायर, क्लच, ब्रेक, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च मिळवावा आणि मगच दुसऱ्या ट्रॅक्टरशी तुलना करावी. विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे, आपल्या भरवशाचा मिस्त्री सोबत न्यावा. आणि ट्रॅक्टर घरी आला की पहिल्या खेपेआधी तीन सवयी लावून घ्याव्यात: रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडलेली, शेवटच्या ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावलेले, आणि उताराला गाडी कधीही न्यूट्रलमध्ये नाही. ज्या गिअरने चढ चढलो, त्याच गिअरने उतरायचे.