बार्तोलोमेओ पिनेल्ली : रोमच्या सामान्य माणसाचा चित्रकार

१/
इ. स. १८०९. नेपोलियनने पोपचे राज्य आपल्या साम्राज्यात विलीन केले आणि जुलै महिन्यात पोप सातवे पायस यांना कैद करून रोमबाहेर नेण्यात आले. त्याच वर्षी रोममध्ये पन्नास मुद्राचित्रांचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचा विषय सम्राट नव्हता आणि पोपही नव्हता. विषय होता साध्या माणसांचे पोशाख, त्यांचे खेळ, नाच आणि उद्योग. चित्रकार बार्तोलोमेओ पिनेल्ली याने तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती.

२/
पिनेल्लीचा जन्म १७८१ साली त्रास्तेवेरे या वस्तीत झाला. या नावाचा अर्थच ‘टायबर नदीपलीकडचे’ असा आहे. ही रोममधील कष्टकऱ्यांची वस्ती होती. त्याचे वडील संतांच्या मूर्ती घडवीत. बोलोन्या येथे व पुढे रोमच्या सान लुका अकादमीत त्याचे शिक्षण झाले. फ्रान्झ कैसरमान या स्विस निसर्गचित्रकाराच्या चित्रांत माणसांच्या आकृती रंगविण्याचे कामही त्याने केले. दुसऱ्याच्या निसर्गात माणसे भरणारा हा तरुण पुढे माणसांनाच चित्राचा विषय करू लागला.

३/
या चित्रांना गिऱ्हाईक कोण होते? प्रामुख्याने परदेशी प्रवासी. इटलीची यात्रा केल्यावाचून श्रीमंत युरोपीय तरुणाचे शिक्षण पुरे होत नाही, अशी त्या काळी समजूत होती. छायाचित्रणाचा शोध अजून लागायचा होता. त्यामुळे प्राचीन अवशेषांची आणि स्थानिक वेशभूषांची चित्रे आठवण म्हणून विकत घेतली जात. १८१५ नंतर युद्धे थांबली, प्रवाशांची रीघ पुन्हा सुरू झाली आणि ही मागणी वाढली.

४/
हे तंत्र एचिंगचे, म्हणजे अम्लरेखनाचे. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यावयाचा, सुईने त्यावर चित्र रेखाटावयाचे आणि पत्रा अम्लात बुडवावयाचा. जेथे थर खरवडला गेला असेल, तेथेच अम्ल धातू खाते. त्या खाचांत शाई भरून, ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून छाप काढावयाचा. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघत. म्हणूनच चित्र तैलचित्रापेक्षा पुष्कळ स्वस्त पडे.

५/
रंग मात्र छापाचा भाग नव्हता. काळ्या रेषांच्या प्रतीवर जलरंग हाताने भरले जात आणि असे काम अनेकदा दुसऱ्याच कारागिरांकडे असे. हाताने रंगविलेल्या मुद्राचित्रांत एका प्रतीतील लाल घागरा दुसरीत निळाही आढळू शकतो. म्हणून अशा चित्रावरून पोशाखाची ठेवण सांगता येते. पण त्याच्या रंगाबद्दल एकाच प्रतीवर विसंबून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

६/
पिनेल्लीच्या चित्रांत काय दिसते? डफाच्या तालावर चाललेला साल्तारेल्लो नाच. बोटे पुढे करून बेरीज ओरडून सांगण्याचा मोर्रा हा खेळ. नाताळापूर्वी डोंगराळ भागातून उतरून मेरीमातेच्या मूर्तीपुढे वाद्ये वाजविणारे मेंढपाळ. निरक्षरांची पत्रे लिहून देणारा रस्त्यावरचा लेखनिक. मद्याच्या गाड्या हाकणारे गाडीवान. आणि भांडणेही : दगडफेक, सुऱ्यांचे वार, मारेकऱ्याला आवरू पाहणाऱ्या बायका.

७/
ही माणसे उभी राहतात ती मात्र पुतळ्यांसारखी. रुंद खांदे, पिळदार दंड, सरळ नाक. त्रास्तेवेरेचे रहिवासी स्वतःला प्राचीन रोमनांचे अस्सल वंशज म्हणवीत आणि पिनेल्लीने त्यांना तसेच रेखाटले. प्राचीन रोमच्या इतिहासावर त्याने सुमारे शंभर चित्रांची मालिकाही केली. दोन्ही ठिकाणी देहयष्टी सारखीच आढळते : तेथे ती सेनानींची, येथे हमालांची. सत्ता फ्रेंचांची असो वा पोपची, ज्या वर्गाला राज्यकारभारात आवाज नव्हता, त्याला या चित्रांनी वीरांचे शरीर दिले.

८/
याच गुणात मर्यादाही दडलेली आहे. संग्रहाच्या शीर्षकातच ‘पित्तोरेस्की’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ चित्रात शोभून दिसणारे. खरीदणाऱ्याला शोभा हवी होती. म्हणून चिंध्याही डौलाने लोंबतात, दरोडेखोरही रुबाबदार वाटतो. रोमभोवतीच्या ओसाड मैदानात मलेरियाने शेतमजूर पिवळे पडून मरत. त्या रोगट चेहऱ्यांना आठवणीच्या वस्तूंत फारशी जागा नव्हती.

९/
तरीही पिनेल्ली केवळ परक्यांसाठी काम करीत नव्हता. १८२३ साली त्याने ‘मेओ पाताक्का’ या काव्यासाठी ५२ चित्रे केली. ज्युसेप्पे बेर्नेरीचे हे १६९५ सालचे काव्य रोमच्या बोलीत आहे. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातल्याचे ऐकून मदतीला निघणारा एक रोमन फाकडा हा त्याचा नायक. ही बोली न जाणणाऱ्या प्रवाशाला त्याची गंमत कळणे कठीण होते. येथे वाचक घरचाच होता.

१०/
१ एप्रिल १८३५ रोजी पिनेल्लीचा रोममध्ये मृत्यू झाला. इतकी चित्रे विकली जाऊनही तो गरीबच राहिला होता. त्रेवी कारंज्याजवळच्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले. थडग्याची नेमकी जागा आज ठाऊक नाही. ज्युसेप्पे जोआकिनो बेल्ली या कवीने त्याच्या मृत्यूवर रोमच्या बोलीत सुनीत लिहिले. याच बेल्लीने रोमच्या सामान्य जनतेवर दोन हजारांहून अधिक सुनीते रचली.

११/
या दोघांना शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते. बेल्लीच्या कवितेत तीच माणसे शिव्या देतात, उपाशी राहतात, पाद्र्यांची टर उडवितात. ती सुनीते कवीच्या हयातीत बहुतांशी अप्रकाशित राहिली. पिनेल्लीची चित्रे मात्र उघड बाजारात विकली गेली. त्यामुळे चित्र हाती आले की इतिहासाच्या अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : रेषा कोणाची, रंग कोणाचा आणि पैसे कोणाचे? त्यांची उत्तरे मिळाली, म्हणजे पोशाखाआडचा माणूस किती दाखविला गेला आणि किती झाकला गेला, याचा अंदाज बांधता येतो.