प्लेग, परळ आणि प्रयोगपद्धति

प्रभादेवीच्या देवळाकडून पूर्वेस निघून रेल्वेचे रूळ ओलांडले, कीं थोड्याच अंतरावर परळची जुनी गव्हर्नराची कोठी लागते. १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी येथें पटकीनें वारल्या, आणि पुढें थोड्याच वर्षांत गव्हर्नरांनीं हें ठिकाण सोडून मलबार हिल जवळ केली. रोगाच्या भयानें ओस पडलेली ही वास्तु १८९९ सालीं रोगाचाच शोध करणाऱ्यांच्या हातीं आली. आज तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. विद्यार्थ्यांस प्रयोगपद्धति समजावून देतांना गॅलिलिओच्या पिसापर्यंत धांव घ्यावयाची आम्हां अध्यापकांची जुनी खोड आहे. इतक्या दूर जाण्याचें वास्तविक कांहीं कारण नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. तो पसरतो कसा, याविषयीं मतांचा सुकाळ होता. कोणी घाणीस दोष देई, कोणी दमट जमिनीस, कोणी हवेस, तर कोणी रोग्याच्या सहवासास. सरकारनें सर्वच मतांवर एकदम अंमल सुरू केला. घरें औषधी पाण्यानें धुतलीं, भिंतींस चुना फासला, चीजवस्तु जाळली, माणसें सक्तीनें हलविलीं. पुण्यांत या जुलुमाचा संताप २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबावर झाडलेल्या गोळीपर्यंत गेला. आमच्या मतें या प्रकरणांत केवळ दयेचाच अभाव नव्हता. ज्या उपायासाठीं लोकांचीं घरें उघडीं पाडलीं, तो उपाय लागू पडतो कीं नाहीं, हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

डॉ. हाफकिन यांनीं तो विचारला. १८९६ च्या ऑक्टोबरांत ते मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःस टोचून घेतली. धैर्य वाखाणण्याजोगें खरें. तथापि त्यावरून लस अपायकारक नाहीं एवढेंच ठरतें. ती तारते हें ठरविण्यास न टोचलेलीं माणसेंही हवींत, आणि तीं इतर सर्व बाबतींत टोचलेल्यांसारखीं असावयास हवींत. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. सुमारें निम्मे कैदी टोचून घेण्यास पुढें आले. न टोचलेल्यांपैकीं बारा जणांस रोग झाला व सहा मेले. टोचलेल्यांपैकीं दोघांस झाला, मेला कोणीच नाहीं. (तुरुंगांतील माणूस आपखुशीनें पुढें येतो म्हणजे काय, हा प्रश्न आम्हांस अद्याप सुटलेला नाहीं.) शिवाय पुढें येणारा आणि मागें राहणारा हे मुळांतच भिन्न प्रकृतीचे नसतील कशावरून?

या शंकेचें उत्तर बडोदें संस्थानांतील उंडेरा या गांवीं १८९८ सालीं मिळालें. तेथें प्रत्येक कुटुंबाची विभागणी केली. घरटीं सुमारें निम्म्या माणसांस टोचलें, निम्म्यांस तसेंच ठेविलें. एकच चूल, एकच ओसरी. टोचलेल्या ७१ जणांपैकीं आठांस रोग झाला व तिघे दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकीं २७ जणांस रोग झाला आणि त्यांतले २६ गेले. लसीची बाजू याहून स्पष्ट कोण सांगणार? पण आम्हांस हे आंकडे फळ्यावर लिहितांना दरवेळीं थांबावें लागतें. घरांतल्या कोणाचा दंड पुढें करावयाचा आणि कोणाचा नाहीं, हें त्या दिवशीं ठरलें. आणि ज्यांच्यावांचून तुलनाच झाली नसती, ते हेच चौसष्ट.

रोगाच्या वाटेचा प्रश्न मात्र उरलाच होता. कराचीस सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालींच उंदराच्या पिसवेकडे बोट दाखविलें; पुष्कळांनीं तें हंसण्यावारी नेलें. पुढें १९०५ पासून प्लेग कमिशननें परळच्या आवारांत लहान लहान खोल्या बांधून गिनीपिगांवर प्रयोग चालविले. रोगी व निरोगी जनावरें एकत्र ठेविलीं. पिसवा नसतां, निकट सहवास असूनही, रोग लागला नाहीं. पिसवा सोडतांच लागला. मग पिसवांनीं भरलेल्या खोलींत कांहीं पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर टांगले, कांहीं दोन फुटांवर. उंदराची पिसू चार-एक इंचांहून उंच उडत नाहीं. खालचीं जनावरें मेलीं, वरचीं वांचलीं. हवाच विषारी असती, तर ती दोन फूट चढावयास अडखळती ना!

अखेरीस हेच पिंजरे मुंबईंतील प्लेगच्या खऱ्या घरांत नेले. एकाच खोलींत, एकाच जमिनीवर दोन पिंजरे. एक उघडा, दुसऱ्याभोंवतीं पिसू शिरणार नाहीं अशी बारीक तारेची जाळी. उघड्यांतील गिनीपिगांस प्लेग होई. जाळींतलीं, तीच हवा घेत, त्याच जमिनीवर, सुरक्षित राहत. अशाच घरांच्या भिंतींना आठ-नऊ वर्षांपूर्वीं चुना फासला होता.