दिवाळखोराची सुटका कधी?

आपल्याकडे एखाद्याचं दिवाळं निघालं की तो माणूस संपलाच, असं लोक धरून चालतात. इथे सिंगापुरातला कायदाही बराच काळ याच वळणाचा होता. विलायतेतल्या १८८३च्या कायद्यावरून इंग्रजांनी १८८८ साली इथला दिवाळखोरीचा कायदा बेतला. देश स्वतंत्र झाला तरी तो १९९५ पर्यंत चालला. सुटका हवी तर कोर्टाची पायरी चढायची, नाहीतर वर्षानुवर्षं दिवाळखोर राहायचं.

१९९५च्या कायद्याने छोट्या कर्जदारांना तीन वर्षांनंतर मोकळं करण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला, म्हणजे ऑफिशियल असायनीला, दिला. २०१६ पासून तर किती रक्कम फेडायची ते आधीच ठरवून देतात. पहिल्यांदाच दिवाळखोर झालेल्याने ती भरली, तर साधारण पाच ते सात वर्षांत सुटका.

जबाबदाऱ्या मात्र कडक आहेत. मालमत्तेचा खरा हिशेब द्यायचा, कमाईतून दरमहा पैसे भरायचे, परवानगीशिवाय देश सोडायचा नाही. खासदारकीही जाते. विरोधी नेते जे. बी. जेयरत्नम बदनामीच्या खटल्यातली भरपाई थकल्याने २००१ साली दिवाळखोर ठरले आणि त्यांची संसदेतली जागा गेली. ते मोकळे झाले २००७ साली.

आणि मुंबईत? साध्या कर्जदाराला तिथे अजून १९०९ चाच कायदा लागू आहे. २०१६च्या नव्या कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग २०१९ मध्ये लागू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना.

सुटकेची वेळ ठाऊक असलेला कर्जदार तोंड लपवत नाही, पैसे भरतो. त्यात सावकाराचंही भलंच आहे.